शिरीषातला सुतार

आवाज डावीकडून यायला हवा होता, आला उजवीकडून. शिरीष माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीवरून डाव्या हाताला आहे. एकवीस वर्षं तो तिथेच आहे आणि मीही इथेच आहे. चोचीचे ठोके मात्र ऐकू येत होते ते उजवीकडून, पाण्याच्या टाकीमागून. मी आधी टाकीकडेच बघितलं. कप हातात, तोंड टाकीकडे, आणि माझ्या डाव्या अंगाला, शिरीषाच्या वाळक्या फांदीवर, तो आपला डोकं आपटतोय. लहानपणी कोल्हारच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमाचा भोंगा पडद्यापासून लांब, खांबाला टांगलेला असायचा. पडद्यावरचा माणूस इकडे तोंड हलवायचा आणि त्याचं बोलणं तिकडून, भज्यांच्या गाड्याकडून यायचं. तेव्हा आम्हाला हसू यायचं. आता आलं नाही. मी कप पायरीवर ठेवला, उजव्या कानावर तळहात दाबला आणि ठोके बंद झाले. पक्ष्याचं डोकं मात्र तसंच हलत होतं. हात काढला, ठोके सुरू. दाबला, बंद. असं पाच-सहा वेळा केलं मी, लहान मुलं पंख्यासमोर आ करून खेळतात तसं. चहावर साय धरली तेव्हा थांबले. वार बुधवार होता, आणि शुक्रवारपर्यंत मला हा पक्षी अँड्र्यू सरांना दाखवायचा होता.

नगरमधलं आमचं कंपाउंड मिशनच्या काळातलं. शहराच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर असतं, तोंडात नगरच येतं. मध्ये चर्च, चर्चमागे कबरस्तान, आणि दोन्हींच्या मधल्या वाटेवर हा शिरीष, तीन भाग वाळलेला, एक भाग हिरवा. हिरव्या भागाला अजून शेंगा धरतात, आणि मार्चात त्या वाळून वाऱ्यावर इतक्या खुळखुळतात की प्रार्थनेतलं शेवटचं आमेन अंदाजानेच म्हणावं लागतं. मागच्या रविवारी उपासना सुटली आणि वाळक्या बाजूची मनगटाएवढी एक फांदी शेजारच्या एस्तेरच्या धाकट्या मुलीच्या मागे चार पावलांवर पडली. त्याच दुपारी कमिटी बसली आणि येत्या शनिवारी झाड पाडायचं ठरलं. मी कमिटीत नाही. मी खिडकीशी उभी होते. तिथूनच म्हणाले की तिरक्या फांदीत सुतारपक्ष्याचं घर आहे, खाली ताजा भुसा पडलाय, आत अंडी नाहीतर पिल्लं असणार. सुट्या फांद्या उतरवा, पण खोड आणि ती एक फांदी तीन आठवडे राहू द्या. अँड्र्यू सर कमिटीचे सेक्रेटरी. निवृत्त हेडमास्तर, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "दयाबाई," ते म्हणाले, "गेल्या वर्षीचा तुमचा सुतार तांबट निघाला होता." सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. संडे स्कूलच्या मुलांना मी सुताराचा आवाज ऐका म्हणून अर्धा तास उन्हात उभं केलं होतं, आणि पानांतून बाहेर आला तो गुबगुबीत हिरवा, लाल कपाळाचा तांबट, वडाची फळं खाऊन टुक टुक करणारा. सर पुढे म्हणाले, भुसा वाळवीचाही असतो. मला माझ्या डोळ्यांनी दाखवा. शुक्रवारपर्यंत दाखवलात तर मी कमिटीला थांबवतो. सरांचा शब्द कमिटीत कुणी मोडत नाही, त्यामुळे मी मान हलवली आणि निघाले. एस्तेर तिच्या ओट्यावर धाकटीची वेणी घालत बसली होती. माझ्याकडे न बघता, पेड घट्ट ओढत म्हणाली, "मावशी, झाड माझ्या पत्र्यावर कललंय. तुमच्या नाही."

तेव्हापासून ते वाक्य माझ्याबरोबर फिरतंय. भाकरी थापताना, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये फायली लावताना. माझी नोकरी तीच: दहावी पास, टायपिंग चाळीस, आणि लोकांच्या आजारांचे कागद आकड्यांप्रमाणे रॅकवर लावायचे. पक्ष्यांचं मला कुणी शिकवलेलं नाही. रद्दीत एक पुस्तक मिळालं होतं, कव्हर नसलेलं, सुतारांची पानं नेमकी उंदरानं कुरतडलेली, त्यामुळे सुतार मला स्वतःच शोधावे लागले. चार वर्षं मी प्रत्येक सुताराला नुसता सुतार म्हणत होते. मग कळत गेलं. सोनपाठी सुतार मोठा, उडताना खिदळल्यासारखा ओरडणारा, पाठ पिवळीधमक, नगरच्या किल्ल्याकडच्या झाडांत हमखास. कॅलेंडरवर छापतात तो हाच. मराठा सुतार त्याच्या निम्माच, बुलबुलापेक्षा जरा मोठा, पाठ काळपट आणि तिच्यावर पांढरे ठिपके, कपाळ हळदीच्या बोटासारखं पिवळं, नराच्या डोक्यामागे लाल आणि पोटाखाली एक लाल डाग, जो दिसला तर नशीब. तो खिदळत नाही. एक बारीक, कडक हाक देतो, आणि तुम्ही बघायला लागलात की खोडाच्या मागे सरकतो. तुम्ही वळसा घातलात की तोही घालतो. त्याला बघायची रीत एकच, वळसा न घालता उभं राहायचं आणि कानांनी त्याच्या मागे जायचं. खोडामागे तो वर चाललाय की खाली, हे मला कानाने कळायचं. आणि आता मी पायरीवर उभी होते, तो दहा पावलांवर होता, आणि मी पाण्याच्या टाकीकडे बघत होते. गेल्या वर्षीचा तांबटही मग तसाच. मुलं वडाकडे बघत होती आणि मी त्यांना ओरडत होते, तिकडे काय बघता, इकडे बघा, इकडे. मुलं बरोबर होती.

गुरुवारी हॉस्पिटलमध्येच दुपारच्या सुट्टीत कानाच्या डॉक्टरांकडे गेले. पूजा मॅडम, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी लोखंडी चिमट्यासारखं एक काढलं, तळहातावर आपटलं, आणि त्याची गुणगुणणारी दांडी माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवली. आवाज कुठे येतोय, मावशी? कपाळातून निघालेला तो आवाज मध्ये थांबलाच नाही. उतारावर सोडलेल्या पाण्यासारखा सगळा उजवीकडे गेला. मी तसं सांगितलं. त्यांनी परत केलं. परत उजवीकडे. मग हेडफोन, मग एका कागदावर दोन रेघा, एक वरून सरळ गेलेली आणि एक घाटातून उतरल्यासारखी खाली. डाव्या कानाची नस गेलीय, म्हणाल्या. कधीपासून? मी म्हणाले, बुधवारपासून. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग मला आठवलं की वर्षभर मी मोबाईल उजव्या कानाला लावतेय, कारण डावीकडे रेंज येत नाही अशी माझी समजूत होती. फोनच्या दुकानदाराशी मी त्यावरून भांडूनही आले होते. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात आला असतात तर काही करता आलं असतं. एका कानाने ऐकू येईल, पण आवाज कुठून येतोय ते सांगता येणार नाही. आणि कधीकधी कान स्वतःच आवाज करेल, टकटक, शिट्टी, तो खरा नसेल. मी विचारलं, खरा नाही हे ओळखायचं कसं? त्या म्हणाल्या, दुसऱ्या कुणालातरी विचारायचं.

दुसऱ्या कुणाला, हा प्रश्न होता. माझे यजमान, आमोस, असते तर मी त्यांना विचारलं असतं. ते एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं गाडीच्या खडखडाटात राहून त्यांचे कान शाबूत आणि मी फायलींच्या शांततेत बसून माझा एक गेला. हे ऐकून ते दोन दिवस हसले असते. पक्ष्यांत त्यांना फार रस नव्हता, माझ्यात होता. भंडारदऱ्याला एकदा आम्ही मुक्कामाला गेलो होतो तेव्हा धरणाच्या वरच्या रानात पहाटे ते अंगावर शाल घेऊन दोन तास माझ्या मागे उभे राहिले. मी वर बघत होते, आणि त्यांनी हलकेच माझ्या डाव्या खांद्यावर बोट टेकवलं. त्या बाजूला, एका वाळक्या काटकीवर, चिमणीपेक्षा जेमतेम मोठा, काळापांढरा, पाठीवर बदामाच्या आकाराचे ठिपके असलेला सुतार होता. आयुष्यात एकदाच दिसला मला तो. "हा काय करतो?" त्यांनी कानात विचारलं. मी म्हणाले, ठोकून बघतो आत काय आहे. "आणि मग?" मग काय, असेल ते काढतो. ते म्हणाले, बरा आहे, डॉक्टरच म्हण की. हे तेव्हा नुसतंच बोलणं होतं. दीड वर्षाने खऱ्या डॉक्टरांनी त्यांना पाठमोरं बसवलं, पाठीवर डावा पंजा ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटाने ठोकत ठोकत खाली आले. मी दाराशी उभी होते, तेव्हा माझे दोन्ही कान होते. वर ढोलासारखा आवाज आला, पोकळ, मोकळा. आणखी खाली तसाच. मग एका बोटाच्या अंतरावर तो बदलला. भिंतीवर ठोकल्यासारखा. भरीव. फुप्फुसाच्या जागी जिथे नुसती हवा पाहिजे तिथे काहीतरी होतं, हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं, कारण मी चाळीस वर्षं तेच ऐकत आले होते, फक्त लाकडात, आणि उलटं. आमोसनी शर्टाची बटणं लावत विचारलं, काय वाटतं गं? मी म्हणाले, काही नाही, कफ असेल. एक्स-रेचा रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस ते कफाचं औषध घेत होते आणि बेलापूरला बहिणीकडे कधी जायचं ते ठरवत होते. मी सांगितलं असतं तर ते आधीच जाऊन आले असते. नंतर जाणं झालं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, ठोकल्याचा आवाज ऐकून कोण मानणार, असं मी स्वतःला म्हणते, आणि ते खरंही आहे, आणि तरीसुद्धा.

लाकडाचं मला शिकवलं गोजरमावशीने, म्हणजे ती शिकवत नव्हती, सरपण गोळा करत होती. कोल्हारला प्रवरेच्या काठाने तेव्हा बाभळीच बाभळी. मावशी कोयत्याच्या पाठीने बाभळीवर ठोकायची, कान लावायची, आणि पुढे जायची. मी नऊ वर्षांची असेन. एका खोडावर आमच्या आधीच कुणीतरी ठोकत होतं. मावशी थांबली, कोयता खाली केला. "त्याचं हुऊ दे आदी," ती म्हणाली. आम्ही काठावर बसून त्याचं होईपर्यंत वाट पाहिली, ती तंबाखू मळत आणि मी तोंड उघडं टाकून. तो गेल्यावर तिने त्या खोडावर ठोकलं आणि ते सोडून दिलं. मी विचारलं का, तर म्हणाली, आतनं खाल्लंय गं, जळत न्हाई ते, नुसतं धुमसतं.

हे सगळं मला गुरुवारी संध्याकाळी आठवत होतं आणि त्यातली शेवटची गोष्ट मी पुढे जाऊ देत नव्हते. सुतार घर करतो ते मेलेल्या लाकडात, ज्याचा गाभा मऊ झालाय अशा. धडधाकट लाकूड त्याला पोखरत नाही. म्हणजे मी जितकं सिद्ध करेन की आत घर आहे, तितकंच हेही सिद्ध होईल की लाकूड गेलंय. पण फांदी गेली म्हणजे खोड गेलं असं नाही, मी स्वतःला म्हणत होते. अर्धं झाड वाळतं आणि बुंधा पन्नास वर्षं उभा राहतो, असे शिरीष मी पाहिलेत. एस्तेरच्या घरात टीव्ही चालू होता आणि धाकटी पाढे म्हणत होती. मी झाडाखाली गेले, फांदीच्या खाली उजवा कान वर करून उभी राहिले. पिल्लं असतील तर आत बारीक चिरचिर असते, सतत, तव्यावर पाणी पडल्यासारखी. चिरचिर आली. शेंगांची असेल. कानाची असेल. मी उजव्या कानावर हात ठेवला तरी ती आलीच, जरा. मग मी घरी गेले.

शुक्रवारी पहाटे सहाला अँड्र्यू सर काठी टेकत आले. मफलर, पॉलिश केलेले बूट. मी त्यांना माझ्या पायरीवर खुर्ची दिली आणि आमोसनी घेऊन दिलेली दुर्बीण हातात दिली. सर म्हणाले, मी शाळेत पंचेचाळीस मुलांत कॉपी करणारा एक ओळखायचो, पक्षी काय. मी म्हणाले, हो सर. मी काही ऐकण्याचा प्रयत्नच केला नाही. फांदीच्या खालच्या अंगाला ते भोक आहे, लिंबाएवढं गोल, तोंड जमिनीकडे आणि उगवतीला, पाऊस आत जाऊ नये म्हणून, त्या भोकावर नुसते डोळे लावून बसले. पावणेसातला ऊन फांदीवर आलं, आणि तो आला. हिसका दिल्यासारखा, फांदीच्या पोटाला उलटा चिकटला. काळी पाठ, चुन्याचा कुंचला झटकावा तसे ठिपके, पिवळं कपाळ, मागे लाल. चोचीत पांढरं काहीतरी वळवळणारं. डोकं आत गेलं, बाहेर आलं, चोच रिकामी. पिल्लं होती. मी सरांचा दंड धरला, तेवढंही भान राहिलं नाही मला. दिसला? सरांनी दुर्बीण खाली केली नाही. "दिसला," ते म्हणाले. "सुरेख. डोक्यावर तुरा, आणि ती पाठ, सोन्यासारखी पिवळी."

मी दंड सोडला. दुर्बिणीच्या पुढच्या काचांवरची झाकणं लावलेलीच होती, ती एक गोष्ट. मी काढायला विसरले होते. पण काढली असती तरी फरक पडला नसता, हे मला त्या क्षणी कळलं, आणि कळल्यावर मागचं सगळं जागेवर आलं. उपासनेत सर शास्त्रपाठ वाचतात तेव्हा पान उलटत नाहीत. तीन रविवारांपूर्वी ते ज्या पानावर बोट ठेवून योहानातला उतारा म्हणाले, ते पान लूकचं होतं. मी मागून बघितलं होतं आणि मला वाटलं होतं, म्हातारा घाईत आहे. सर कॅलेंडरवरचा पक्षी सांगत होते. का, ते मला कळेना. स्वतःचं झाकायला, की रविवारी सगळे हसले ते मला लागलं म्हणून? बहुतेक दोन्ही. "झालं तर मग," ते काठी घेत म्हणाले, "मी पाहिला. कमिटीला सांगतो, तीन आठवडे." मी सर म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पक्षी खरा होता. पिल्लं खरी होती. साक्षच तेवढी खोटी होती, आणि ती माझ्या बाजूची होती.

नऊच्या सुमारास सहादेव आला. झाडं पाडण्याचं काम त्याचं, बापाच्या आधीपासूनचं. पाडायच्या आदल्या दिवशी तो नुसता येऊन जातो. आजाची पद्धत म्हणतो. झाडाला कुऱ्हाडीच्या पाठीने तीनदा ठोकायचं आणि मोठ्याने सांगायचं, उद्या येतो, आत कोण असेल त्यांनी आवरून घ्या. मुंगूस, साप, घोरपड, जे असेल ते रातोरात निघून जातं असं त्याचं म्हणणं. सरांनी त्याला वाटेतच सांगितलं की उद्याचं रद्द, तीन आठवड्यांनी ये. तो म्हणाला, बरं, आलोच हाय तर ठोकून जातो. आणि एस्तेरची धाकटी शाळेचा डबा हातात घेऊन ओट्यावर बघायला उभी राहिली. मी दाराशी होते. मला पाठ करून आत जाता आलं असतं. मी उजवा कान पुढे केला.

सहादेवने छातीच्या उंचीवर ठोकलं. टण्. ठीक. जरा खाली, कमरेशी. आवाज सैल झाला. त्यालाही कळलं असावं, तो वाकला आणि गुडघ्याशी ठोकलं, मग मुळाशी, मग वळून एस्तेरच्या घराच्या अंगाला. डब्. डब्. डब्. रिकाम्या पिंपावर बुक्की मारल्यासारखं. दिशा मला कळत नव्हती. सगळं आपलं उजवीकडून येत होतं, टाकीच्या मागून, पण आत काय आहे ते कळायला दिशा लागत नाही. मुळाशी काहीच नव्हतं. सालीचा एक पडदा होता आणि वरचा सगळा भार त्याच्यावर, घराकडे कललेला. सहादेव उठून हात झटकू लागला. त्याने सरांकडे बघितलं. सेक्रेटरी तीन आठवडे म्हणतोय तर आपण कशाला मध्ये बोला, हे त्याच्या चेहऱ्यावर मला वाचता आलं, कारण तो चेहरा मला पाठ होता. मी तो आरशात पाहिला आहे. नऊ दिवस. धाकटी ओट्यावरून उडी मारून उतरली आणि झाडाखालून शाळेला गेली. वर फांदीत पुन्हा हालचाल झाली असावी, मी वर बघितलं नाही.

"सर, थांबू नका," मी म्हणाले. "उद्याच पाडा."

सर वळले. "मी पाहिला ना पक्षी."

"मीही पाहिला. आत पिल्लं आहेत." मी दारातून पुढे आले. "बुंधा गेलाय सर. मुळापासून. मी ऐकलं."

"तुमचा सुतार..." सरांनी सुरुवात केली, बहुतेक तांबटाचीच, आणि अर्ध्यात सोडली. सहादेव आता बोलला, खाली बघत: "बाई म्हनत्यात ते खरं हाय. वारं सुटलं तर ह्ये आठ दिस न्हाई काढायचं. मी आपलं गप ऱ्हायलो हुतो." मी त्याला म्हणाले, सगळेच राहतात. एस्तेर दारात आली होती. तिने डोक्यावर पदर घेतला आणि पत्र्याकडे बघितलं.

रात्रभर मी फांदीचाच विचार केला, आणि तो मला नीट करता आला, कारण आता दुसरं काही लपवायचं नव्हतं. शनिवारी सकाळी सहादेवला मी कागदावर काढून दाखवलं. आधी फक्त ती तिरकी फांदी, भोकाच्या वर दोन हात आणि खाली दोन हात सोडून. दोराने धरून, झटका न देता उतरवायची. शेजारच्या कडुलिंबाला तेवढ्याच उंचीवर बांधायची, त्याच तिरपेने, तोंड खाली आणि उगवतीला. सरळ बांधली तर पिल्लं गडगडतील, तोंड फिरलं तर त्यांची आई ओळखणार नाही. जमेल की नाही मला माहीत नव्हतं. हे मी कुठे वाचलेलं नव्हतं आणि तसं सांगितलं. सहादेव म्हणाला, "माज्या आज्यानं फांदी बांदाया न्हाई शिकवलं, ताई. पर बगू." बांधताना त्याने स्वतःच तीनदा वरून विचारलं, तिरपी बराबर हाय का? फांदी खाली येत असताना मला आतली चिरचिर ऐकू आली. मी उजवा कान झाकला. बंद झाली. म्हणजे खरी होती.

मग शिरीष पडला, मोकळ्या बाजूला, आणि त्याच्या बुंध्यात हात घातला तर कोपरापर्यंत गेला. सगळे ते बघायला जमले. मी गेले नाही. मी पायरीवर बसून जिथे काल फांदी होती त्या हवेकडे बघत होते. साडेदहाला तो आला. चोच भरलेली. नेहमीच्या हिसक्याने आला आणि फांदी नव्हती. हवेतच, पंख फडफडवत, जिथे भोक असायला हवं तिथे थांबला, मग खाली जाऊन भिंतीवर बसला. पुन्हा उडाला, पुन्हा त्याच जागी, त्याच उंचीवर. अकराला मादी आली आणि तिनेही तेच केलं. चोचीतलं तसंच. मग दोघंही गेले. साडेअकरा. ऊन चढलं होतं. बांधलेल्या फांदीत पिल्लं किती वेळ काढतील ते मला माहीत नव्हतं. एस्तेर चहा ठेवून गेली, दोन कप, म्हणून मी वळून बघितलं तर सर माझ्या मागे खुर्चीवर येऊन बसले होते, कधीपासून कुणास ठाऊक, माझ्या डाव्या बाजूने आले होते.

आणि तेवढ्यात ती हाक आली. बारीक, कडक. उजवीकडून. मी टाकीकडे बघितलं नाही. टाकीत काही नसतं, हे आता मला माहीत होतं. पण बघायचं कुठे, ते माहीत नव्हतं. हाक पुन्हा आली, आणि मग दोन ठोके. "सर," मी म्हणाले, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. कुठून येतोय तो?"

सरांनी मान कलती केली. मग त्यांनी काठी उचलली, हवेत जरा फिरवली, डोळे मिटूनच, आणि एका जागी थांबवली. "तिकडे. कडुलिंबाकडे. खालून वर चाललाय." काठीचं टोक हलत नव्हतं. मी टोकाच्या रेषेत बघितलं. बांधलेल्या फांदीच्या पोटाला तो उलटा लटकला होता, भोकापासून टीचभर लांब, मान वाकडी करून दोराकडे बघत. एक पाऊल सरकला. थांबला. आणखी एक.

"दिसतोय का?" सरांनी विचारलं. काठी अजून तशीच धरलेली.

"पाठ सोनेरी नाही त्याची, सर," मी म्हणाले, आणि त्यांना सांगायला सुरुवात केली.